मिरगीची गोळी बंद करा म्हणणारे तुम्ही कोण?

"गोळी म्हणजे केमिकल. ती मेंदू बधिर करते. आमची जडीबुटी मेंदू शांत करते." वडनेर भोलजीत महामार्गाच्या कडेला बरण्या मांडून बसलेला एक विक्रेता आमच्या वस्तीतल्या एका बापाला हे समजावून सांगत होता. बापाने ऐकले. चार वर्षे न चुकता चाललेली लेकीची फेनिटोइनची गोळी त्याच रात्री बंद झाली आणि शंखपुष्पीचे औषध सुरू झाले. पाचव्या दिवशी पोरगी स्वयंपाक करताना चुलीजवळ पडली. हात कोपरापर्यंत भाजला. मग कुणी सैलानीला न्यायला सांगितले, कुणी भगताचे नाव काढले, कुणी म्हणाले बाहेरचे आहे. गोळी कधी बंद केली, हे मात्र कुणीच विचारले नाही!

हा बाप अडाणी नाही. सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली नाही की दर महिन्याला तालुक्याला जाऊन विकत आणणारा तो शेतमजूर आहे. आमचा राग त्याच्यावर नाही. "केमिकल" आणि "नैसर्गिक" अशी खोटी वाटणी करून गरिबाच्या खिशात हात घालणाऱ्यांवर आहे.

आधी मेंदूत काय होते ते पाहू. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक झटक्यांनी बोलतात. पेशीच्या कातडीला दारे असतात. सोडियमचे दार उघडले की पेशी पेटते. क्लोराइडचे दार उघडले की ती थंडावते. हे दुसरे दार उघडणारे रसायन मेंदू स्वतःच तयार करतो, त्याला गाबा म्हणतात. मेंदूचा ब्रेकच समजा. असंख्य पेशी एकाच वेळी, थांबा न घेता पेटत राहिल्या की माणूस कोसळतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. यालाच मिरगी, फिट, फेफरे म्हणतात. यात भूत कुठे आहे?

फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन सोडियमच्या दारावर काम करतात. नुकतेच उघडून मिटलेले दार ही औषधे थोडा जास्त वेळ मिटलेले धरतात. त्यामुळे भराभर पेटणारी पेशी अडते आणि सावकाश बोलणाऱ्या पेशीला फारसा धक्का लागत नाही. म्हणूनच ही गोळी घेऊन मुले शाळेत जातात, माणसे कामावर जातात. फेनोबार्बिटोन क्लोराइडचे दार जास्त वेळ उघडे ठेवते, तर डायझेपाम आणि क्लोबाझाम ते वारंवार उघडायला लावतात. या दुसऱ्या गटाने झोप येते, सुस्ती येते, हे खरे आहे. त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगून मात्रा किंवा औषध बदलता येते. पण गोळी एकदम तोडली की महिनोन्महिने दाबलेला ब्रेक एका झटक्यात सुटतो आणि फिटमागून फिट येत माणूस दगावूही शकतो.

आता जडीबुटी. तगरीच्या कुळातल्या युरोपीय व्हॅलेरियनच्या मुळातले व्हॅलेरेनिक आम्ल त्याच गाबाच्या दारावर बसते. म्हणजे "नैसर्गिक" शांतीही केमिकलच आहे. फरक एवढाच की पुडीत ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. सर्पगंधेची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. तिच्यातले रेसरपिन १९५२ मध्ये वेगळे काढले गेले आणि जगभर रक्तदाबावर व मानसिक आजारावर वापरले गेले. ते मेंदूतले नॉरअॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन यांचे साठे रिकामे करते, माणूस शांत दिसतो. पण तेच औषध फिट येण्याचा उंबरठा खाली आणते! माणूस शांत दिसणे आणि फिट थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बरणीवाल्याला कोण सांगणार?

आणि शंखपुष्पी? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. फेनिटोइनवर स्थिर असलेल्या रुग्णांना शंखपुष्पीचे आयुर्वेदिक औषध सोबत घेतल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या होत्या. उंदरांवर तपासले तेव्हा दिसले की ते औषध चालू ठेवल्यावर रक्तातले फेनिटोइन कमी होते आणि त्याचा गुणही उतरतो. म्हणजे गोळी बंद न करता नुसती जोड दिली तरी धोका. हे आपल्याच मुंबईत, ३० वर्षांपूर्वी सिद्ध झाले. ते वडनेरपर्यंत का पोहोचले नाही? बरणीवाल्याची गाडी पोहोचते, मग आरोग्य खात्याची का नाही?

आम्ही वनस्पतीचे वैरी नाही. ब्राह्मीचे नाव ब्राह्मी आहे म्हणून आमचा तिच्यावर राग नाही! गांजाच्या झाडातून काढलेल्या कॅनाबिडिऑलला २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या अवघड मिरगीसाठी मान्यता मिळाली. पण ती शुद्ध करून, मोजून, चाचण्या घेऊन मिळाली. आमचे म्हणणे एवढेच आहे: मोजा, तपासा, मग विका.

आता चपलेचे पाहू. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्यात कुणी कांदा किंवा चप्पल हुंगवली की श्रेय तिला जाते. ज्या चामड्याला हात लावला म्हणून आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले, तेच चामडे अशा वेळी नाकाला चालते! माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. बाकी सगळे थोतांड.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. मगधात ज्या पाच रोगांचा जोर होता त्यांत अपमार, म्हणजे ही मिरगीही होती. जीवक वैद्य राजाचे आणि संघाचे उपचार करण्यात गुंतलेला. मग रोगी काय करू लागले? उपचार मिळावा म्हणून चीवर घेऊ लागले, आणि बरे झाल्यावर काहीजण परत जाऊ लागले. जीवकाने तक्रार केली आणि अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. काही बांधवांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, आम्हाला वाटत नाही. औषध जिथे मिळते तिथे गरीब माणूस जातो, मग त्यासाठी मुंडण करावे लागले तरी. आज ते बरणीवाल्याकडे मिळते असे त्याला वाटते, कारण दवाखान्याच्या खिडकीवर "संपली, पुढच्या आठवड्यात या" असे ऐकावे लागते.

कायदे काय करतात? १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या रोगांवर औषधाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मिरगी आहे. तरीही "मिरगी मुळापासून" असे फलक रस्तोरस्ती लागतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे रक्त सांडल्यावर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा झाला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा झाला. त्या कलमात मिरगी नाही. म्हणजे आमच्या लेकीला मारले असते तर गुन्हा होता, गोड बोलून तिची गोळी सोडवली तर नाही!

मुलींचे दुःख तर दुहेरी. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही लग्नाला अपात्रता म्हणून घातली गेली. ती १९९९ मध्ये निघाली. कायद्यातून निघाली, घरातून नाही. लग्न ठरले की गोळीची पट्टी आधी लपते, मग बंद होते. वास्तविक पाहता मूल हवे असेल तेव्हा आधीच डॉक्टरशी बोलायला हवे, कारण सोडियम व्हॅल्प्रोएटने गर्भाला इजा होऊ शकते आणि औषध बदलावे लागते. पण जे लपवायचे त्याबद्दल बोलायचे कुणाशी?

फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. अतिशय स्वस्त आहे. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट यांच्यासह ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा कायम असावा. रस्त्याकडेच्या मिरगीच्या फलकांवर १९५४ च्या कायद्याने कारवाई व्हावी. आणि २०१३ च्या कायद्यातल्या कुत्रा, साप, विंचू यांच्या ओळीत मिरगीचे नाव घालावे, अशी शिफारस शासनाकडे जावी. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत आणावी, लपवू नये. त्या पोरीचा बाप आणणार आहे.