विश्लेषण : डाऊनटाऊनमध्ये दुकान थाटा, अनुदान घ्या! अमेरिकी शहरांचा हा प्रयोग कोणाच्या पदरात पडतो?

करोनानंतर अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती व्यापारी भागांतले गाळे मोठ्या संख्येने रिकामे झाले. ते पुन्हा भरावेत म्हणून महापालिकांनी छोट्या दुकानदारांना रोख अनुदान, भाडेमाफी आणि शुल्कमाफी देऊ केली. दुकाने उघडलीही. मात्र यातील बराच पैसा करोनाकाळातील केंद्रीय मदतीतून आला आणि ती खर्च करण्याची मुदत २०२६ अखेर संपते. त्यामुळे हा पैसा शेवटी दुकानदाराच्या हाती राहतो की गाळामालकाच्या, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरला आहे.

डाऊनटाऊन ओस का पडले?

अमेरिकी शहरातील डाऊनटाऊन म्हणजे कार्यालयांच्या उंच इमारती आणि त्यांच्या तळमजल्यावरची दुकाने. इथे राहणारे कमी, कामाला येणारे जास्त. सकाळची कॉफी, दुपारचे सँडविच, घरी जाताना धोबीकडून घेतलेले कपडे यांवर इथल्या छोट्या दुकानांचा गल्ला भरत असे. २०२० मध्ये कार्यालये बंद झाली आणि साथ ओसरल्यावरही अनेक कर्मचारी आठवड्याचे पाचही दिवस परतले नाहीत. २०१९ पर्यंत एकूण कामाच्या दिवसांपैकी घरून होणाऱ्या कामाचा वाटा एक आकडी टक्क्यांत होता, तो नंतर चतुर्थांशाच्या आसपास स्थिरावला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि अर्जुन रामाणी यांनी २०२१ मध्ये या बदलाला ‘डोनट परिणाम’ असे नाव दिले. म्हणजे शहराच्या मध्यभागी पोकळी आणि भोवतीच्या उपनगरांत गर्दी. आपल्या भाषेत सांगायचे तर मेदुवड्यासारखे.

याचा सर्वाधिक फटका बसलेल्या शहरांत सॅन फ्रान्सिस्को अग्रभागी आहे. २०२३ मध्ये तेथील कार्यालयीन जागांपैकी सुमारे ३० टक्के रिकाम्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्केट स्ट्रीटवरील ‘होल फूड्स’चे मोठे दुकान उघडल्यानंतर जेमतेम वर्षभराने बंद झाले, तर ऑगस्टमध्ये ‘नॉर्डस्ट्रॉम’ने आपले दालन गुंडाळले. मोठ्या दुकानांच्या ओढीने येणारी माणसे थांबली, की शेजारच्या छोट्या दुकानांचीही पंचाईत होते.

महापालिकेला काळजी कशाची?

एक शटर बंद झाले, की त्या पट्ट्यातली वर्दळ कमी होते. मग शेजारच्याचा धंदा घटतो आणि काही महिन्यांत दुसरे शटर खाली येते. रस्ता सुना झाला, की संध्याकाळनंतर तिथून जायला लोक कचरतात आणि कार्यालयांनाही कर्मचाऱ्यांना परत बोलावणे अवघड जाते.

दुसरी काळजी तिजोरीची. अमेरिकी शहरांचा मोठा आधार मालमत्ता कर हा असतो. बोस्टनसारख्या शहरात तर महापालिकेच्या उत्पन्नाचा ७० टक्क्यांहून अधिक वाटा त्यातून येतो. कार्यालयीन इमारतींची किंमत घसरली, की हा कर घटतो किंवा त्याचा भार घरमालकांवर सरकतो. म्हणूनच एका बेकरीला दिलेले अनुदान हे केवळ बेकरीवाल्यावरचे उपकार नसतात. शहर आपलेच उत्पन्न वाचवत असते.

अनुदान कोणत्या स्वरूपात मिळते?

ढोबळमानाने चार प्रकार दिसतात. पहिला, काही महिन्यांसाठी तात्पुरते दुकान. सॅन फ्रान्सिस्कोने एका ना-नफा संस्थेला सोबत घेऊन २०२३ मध्ये ‘व्हेकंट टू व्हायब्रंट’ ही योजना आणली. यात व्यावसायिकाला सुमारे तीन महिने भाड्याविना गाळा आणि सुरुवातीच्या खर्चासाठी काही हजार डॉलर मिळतात. जागा देणाऱ्या मालकालाही किरकोळ खर्चासाठी मदत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिल्या तुकडीत १७ व्यवसाय निवडले गेले. त्यांतील काहींनी पुढे त्याच जागेचा दीर्घ मुदतीचा करार केला.

दुसरा प्रकार शुल्कमाफीचा. त्याच शहराच्या ‘फर्स्ट इयर फ्री’ योजनेत नोव्हेंबर २०२१ पासून पात्र नव्या व्यवसायांचे सुरुवातीचे नोंदणी आणि परवाना शुल्क माफ होते. रक्कम मोठी नसते, पण परवान्यांच्या जंजाळात अडकलेल्या नवख्याला हुरूप येतो.

तिसरा प्रकार मोठ्या एकरकमी अनुदानाचा. बोस्टनने ‘स्पेस’ या योजनेतून रिकाम्या गाळ्यांत व्यवसाय सुरू करणाऱ्यांना कमाल दोन लाख डॉलरपर्यंत मदत देऊ केली. भाडे, अंतर्गत बांधकाम, यंत्रसामग्री असा खर्च त्यातून भागवता येतो.

चौथा आणि सर्वांत जुना प्रकार म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग, छप्पर, वीज, वातानुकूलन यांच्या दुरुस्तीसाठी मिळणारी प्रतिपूर्ती. शिकागोची लघुउद्योग सुधारणा निधी योजना याच पठडीतली आहे. काम आधी करायचे, बिले सादर करायची, मग ठरलेला हिस्सा परत मिळतो.

यासाठी पैसा येतो कुठून?

मार्च २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने १.९ लाख कोटी डॉलरचा ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ मंजूर केला. त्यातील ३५० अब्ज डॉलर राज्ये, शहरे आणि अन्य स्थानिक संस्थांसाठी होते. हा पैसा कशावर खर्च करणार हे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत ठरवायचे आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत तो प्रत्यक्ष खर्च करायचा, अशी अट आहे. त्यानंतर योजना चालू ठेवायची, तर शहरांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागेल.

कायमस्वरूपी मार्गही आहेत. एखाद्या भागातील मालमत्तांचे मूल्य वाढले, की वाढीव कर त्याच भागात खर्च करण्याची पद्धत अनेक अमेरिकी शहरांत आहे. शिकागोची दुरुस्ती योजना त्यावरच चालते. व्यापारी सुधारणा क्षेत्रात मालमत्ताधारक स्वच्छता, दिवे, सुरक्षा यांसाठी जादा आकार भरतात. ही कल्पना १९७० मध्ये कॅनडातील टोरांटोत प्रथम प्रत्यक्षात आली.

शिकागोचा आणखी एक प्रयोग मुंबई-पुण्याच्या वाचकांना चटकन समजेल. २०१६ पासून तिथे डाऊनटाऊनमध्ये जादा बांधकाम हवे असलेल्या विकासकाला शुल्क भरावे लागते. आपल्याकडे अधिमूल्य भरून जादा एफएसआय मिळतो, तसेच. या शुल्काचा मोठा हिस्सा शहराच्या दक्षिण, नैऋत्य आणि पश्चिम भागांतील गरीब वस्त्यांमधल्या दुकानांना अनुदान म्हणून जातो. इथे पैसा डाऊनटाऊनकडून वस्त्यांकडे वाहतो. करोनानंतरच्या योजनांत तो उलट दिशेने वाहू लागला, हा त्यांच्यावरचा एक आक्षेप आहे. वर्षानुवर्षे बंद शटरे पाहणाऱ्या वस्त्यांना ही तातडी कधी दिसली नव्हती.

अनुदान मिळूनही दुकानदार अडचणीत का येतात?

पहिली अडचण प्रतिपूर्तीची. आधी खर्च आणि मग परतावा या अटीमुळे ज्याच्याकडे पैसा किंवा बँकेतील पत आहे, त्यालाच अनुदान परवडते. ज्याला गरज अधिक, तो अर्जाच्या टप्प्यावरच गळतो. दुसरी अडचण कराराची. व्यापारी गाळ्याचा करार बहुधा पाच ते दहा वर्षांचा असतो आणि छोट्या भाडेकरूकडून मालक अनेकदा वैयक्तिक हमी घेतो. धंदा बुडाला, तरी भाड्याचे ओझे माणसाच्या मानेवर राहते. तीन महिन्यांची माफी या ओझ्यापुढे तुटपुंजी ठरते.

तिसरी अडचण गिऱ्हाइकाची. समजा, एका छोट्या उपाहारगृहाचे भाडे महिन्याला सहा हजार डॉलर आहे. विक्रीच्या दहा टक्क्यांपर्यंत भाडे परवडते असे धरले, तर त्याला महिन्याला ६० हजार डॉलरचा धंदा हवा. रोज वर्दळ असेल, तर दिवसाला दोन हजार डॉलर, म्हणजे प्रत्येकी १२ डॉलर खर्च करणारी सुमारे १७० माणसे पुरतात. पण कर्मचारी फक्त मंगळवार ते गुरुवार येत असतील, तर महिन्यातले जेमतेम १३ दिवस हाती उरतात. मग दिवसाला ३८५ माणसे लागतात. तेवढी माणसे त्या रस्त्यावर आहेत का, हा प्रश्न अनुदानाने सुटत नाही.

रिकामा गाळा स्वस्तात का मिळत नाही?

गिऱ्हाईक नसेल तर भाडे उतरावे, असा बाजाराचा साधा नियम. डाऊनटाऊनमध्ये तो लवकर लागू होत नाही. इमारतीची किंमत तिच्या अपेक्षित भाड्यावर ठरते आणि त्या किमतीवर मालकाने कर्ज काढलेले असते. कमी भाड्याचा करार केला, तर कागदावरची किंमत घसरते आणि धनको प्रश्न विचारू लागतात. त्यापेक्षा गाळा रिकामा ठेवून चांगल्या दिवसांची वाट पाहणे अनेक मालकांना सोयीचे वाटते.

अशा वेळी सरकारने भाड्यासाठी अनुदान दिले, तर मालकाला भाडे उतरवायची गरजच उरत नाही. दुकानदाराच्या नावे आलेला धनादेश त्याच्या खात्यातून मालकाच्या खात्यात जातो. अनुदान संपते तेव्हा दुकानदार त्याच जुन्या दरापुढे उभा असतो.

म्हणून काही ठिकाणी अनुदानासोबत मालकावर दबावाचाही वापर झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी मार्च २०२० मध्ये रिकाम्या गाळ्यांवरील कर मंजूर केला. तो २०२२ पासून लागू झाला. वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ गाळा रिकामा ठेवला, तर दर्शनी रुंदीच्या प्रत्येक फुटाला पहिल्या वर्षी २५० डॉलर, मग ५०० आणि पुढे हजार डॉलर असा त्याचा दर आहे. मात्र तो वस्त्यांमधील ठरावीक बाजाररस्त्यांपुरता आहे. ब्रिटन याहून पुढे गेले. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील स्थानिक परिषदांना, दोन वर्षांत ३६५ दिवसांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या दुकानाचा एक ते पाच वर्षांचा भाडेकरार थेट लिलावात काढता येतो.

जुना अनुभव काय सांगतो?

ओस पडणाऱ्या बाजारपेठा अमेरिकेला नव्या नाहीत. उपनगरांतल्या मॉलनी लहान गावांच्या मुख्य रस्त्यांचा धंदा पळवला, तेव्हा ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत प्रयोग केला. त्यातून १९८० मध्ये ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम देशभर नेण्यासाठी केंद्र उभे राहिले. व्यापाऱ्यांचे संघटन, प्रसिद्धी, रस्त्याचे रूप आणि आर्थिक बळ ही त्याची चार सूत्रे.

त्यात रोख अनुदानाला दुय्यम स्थान होते. भर होता तो बाजारपेठेसाठी पूर्णवेळ व्यवस्थापक नेमण्यावर. दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, कोणता गाळा कोणत्या धंद्याला योग्य, कोणता मालक भाड्यात तडजोड करील, हे पाहणारा हा माणूस. त्याचे काम संथ असते आणि त्याचे फीत कापतानाचे छायाचित्र निघत नाही. पण एका दुकानाऐवजी आख्खा रस्ता सावरण्याचा विचार त्यात होता.

महाराष्ट्रासाठी यात काही आहे का?

आपल्याकडच्या बहुतेक योजना माणसाला धरून असतात. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते. २०२५ मधील फेररचनेनंतर ते १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार रुपये असे आहे, आणि योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही उद्योजकाच्या प्रकल्पाला अनुदान देतो. दुकान कोणत्या रस्त्यावर आहे आणि त्या रस्त्याचे काय चालले आहे, हा विचार त्यांत जवळजवळ नसतो.

अडचणही उलट आहे. तिथे गाळे आहेत, माणसे नाहीत. इथे दादर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर माणसे आहेत, चालायला जागा नाही. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवते. आख्खी बाजारपेठ एकसंध मानून विचार करण्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

यशाची कसोटी कोणती?

महापालिका सहसा किती दुकाने उघडली ते मोजतात. पण अनुदानाच्या बळावर दुकान उघडणे सोपे असते. मोजायला हवे ते अनुदान संपल्यानंतर किती जणांनी स्वतःच्या कमाईवर करार वाढवला आणि कोणत्या भाड्याने. त्यासाठी अटी आधीच घालाव्या लागतात. अनुदानाचा काही भाग आगाऊ द्यायचा आणि मालकाने पुढची काही वर्षे भाडे ठरावीक मर्यादेत ठेवण्याचे लिहून दिले तरच गाळा योजनेत घ्यायचा, अशी अट घालता येते. भाडे विक्रीच्या प्रमाणात ठेवले, तर मंदीचा भार दोघांत वाटला जातो. अशा अटी नसतील, तर केंद्रीय मदत संपल्यावर दुकानदार पुन्हा जुन्या भाड्यापुढे एकटा उभा राहील आणि मालक पुढच्या अनुदानाची वाट पाहील.