महागाईचा जाब कोणाला विचारावयाचा?

बाजारांतून हलकी पिशवी आणि तापलेलें डोकें घेऊन परतणारा गृहस्थ आतां कोणत्याही शहरांतील कोणत्याही पेठेंत भेटतो. त्याचा राग पहिल्यानें निघतो तो वाण्यावर. वाणी समोर बसलेला असतो, तराजू त्याच्या हातांत असतो आणि भावही त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो. तेव्हां भाव वाढविणाराही तोच असला पाहिजे, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. वाण्याला विचारावें तर तो घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, घाऊक व्यापारी गाडीभाड्याकडे, मालमोटारवाला डिझेलकडे. आणि डिझेलचा हिशेब विचारूं लागलें म्हणजे युक्रेनपासून अरबस्तानापर्यंतचा सारा भूगोल ऐकावा लागतो. ही बोटांची माळ जेथें संपते तेथें कोणीच मनुष्य उभा नाहीं, असें लोकांस वाटतें. आमच्या मतें तेथें मनुष्य आहे, त्याचें नांव कायद्यांत लिहिलेलें आहे, आणि त्यानें जाब द्यावा असेंही त्याच कायद्यांत म्हटलें आहे. तो जाब एकदां दिलाही गेला; पण ज्यांचे पैसे गेले त्यांस तो वाचावयास मिळाला नाहीं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. २०२५ सालीं महागाईचा दर बराच खालीं आला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत तर तो शेंकडा पाव इतकाच उरला होता. हे आंकडे पाहून कित्येक सुशिक्षित मंडळी म्हणूं लागलीं कीं, स्वस्ताई आली तरी लोकांची ओरड कांहीं थांबत नाहीं. दर उतरला म्हणजे भाव उतरले असें नव्हे. भाव चढण्याची गति मंदावली, एवढाच त्याचा अर्थ. सरकारच्याच किरकोळ भावांच्या निर्देशांकाप्रमाणें २०२०-२१ सालीं भाव शेंकडा ६.२ नीं वाढले, पुढच्या वर्षीं ५.५ नीं, २०२२-२३ सालीं ६.७ नीं, त्यानंतर ५.४ नीं आणि २०२४-२५ सालीं ४.६ नीं. हे पांच आंकडे एकावर एक चढवून पाहावे, म्हणजे २०१९-२० सालीं जो बाजार शंभर रुपयांत होत असे त्याला पांच वर्षांनीं सुमारें एकशें एकतीस-बत्तीस रुपये पडूं लागले असें निघतें. ज्याचें वेतन त्या मानानें वाढलें नाहीं, त्याच्या घरांतून हे वरचे रुपये गेले ते गेलेच. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या वृद्धांची अवस्था तर याहून वाईट झाली. २०२२ च्या आरंभीं बँका वर्षाच्या ठेवीवर शेंकडा पांच-सव्वापांच व्याज देत होत्या आणि भाव सहा-सात टक्क्यांनीं चढत होते. त्यांच्या खिशांत कोणीं हात घातला नाहीं, तरी खिसा कापला गेला.

आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. म्हणून त्यांची भीड धरून लिहावें हें आम्हांस मान्य नाहीं. टंचाईचा वास आला कीं माल दाबून धरणारे लोक या धंद्यांत आहेत, आणि ते कोण आहेत हें त्यांच्या शेजारच्या गाळेवाल्यांस पोलिसांपेक्षां चांगलें ठाऊक असतें. २०१५ सालीं दिवाळीच्या सुमारास तुरीची डाळ किलोला दोनशें रुपयांच्या घरांत गेली, तेव्हां या राज्यांत गोदामांवर छापे पडले व दडविलेला माल बाहेर निघाला. त्या मंडळींचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु साठेबाज मनुष्य एखाद्या जिनसेचा भाव चार महिने वर चढवूं शकतो. तेल, पीठ, साबण, औषध, शाळेची फी आणि घराचें भाडें हीं सर्व एकदम वर्षानुवर्षें चढविण्याइतकें भांडवल कोणत्याही अडत्याच्या गल्ल्यांत नाहीं. शिवाय ज्या तुरीनें २०१५ सालीं गिऱ्हाईक रडविलें, तिनेंच २०१७ सालीं शेतकऱ्यास सरकारी खरेदी केंद्रांच्या दारीं पोत्यांवर रात्रीं काढावयास लावल्या. हा दुसरा प्रकार कोणत्या साठेबाजानें केला?

आतां सरकारचा हात कोठें कोठें आहे तें पाहूं. २०२० च्या वसंतांत खनिज तेल जगाच्या बाजारांत मातीमोल झालें. ती स्वस्ताई आपल्या पंपावर पोंचली नाहीं. कारण मार्च व मे या दोन महिन्यांत मिळून मध्यवर्ती सरकारनें पेट्रोलवरील आपला कर लिटरला १९ रुपये ९८ पैशांवरून ३२ रुपये ९८ पैशांवर नेला. पुढें नोव्हेंबर २०२१ मध्यें त्यांतले ५ रुपये आणि मे २०२२ मध्यें आणखी ८ रुपये कमी केले. राज्य सरकारनेंही जुलै २०२२ मध्यें पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपये सोडले. लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी जें उतरतें तें दैवी संकट नव्हे. आणखी एक चमत्कार वाचकांस आठवत असेल. त्याच हिवाळ्यांत पांच राज्यांच्या निवडणुका चालू असतां पंपावरचा भाव चार महिन्यांहून अधिक काळ जागचा हलला नाहीं, आणि निकाल लागल्यावर २२ मार्च २०२२ पासून तो रोज चढूं लागला. भाव बाजार ठरवितो असें आम्हांस सांगतात. पण त्या बाजारास पंचांग पाहण्याची संवय आहे असें दिसतें! त्याच वर्षीं जुलैच्या १८ तारखेपासून पाकिटबंद, लेबल लावलेला आटा, तांदूळ व दहीं यांवर शेंकडा ५ कर बसला. आदल्या महिन्यांत महागाईचा दर ७ च्या वर होता.

कांद्याची गोष्ट याहून निराळी, पण आपणां शहरवासीयांस लाज आणणारी आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० जकात बसली. नाशिक जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांनीं लिलाव बंद ठेवले, लासलगांवच्या बाजारांत शुकशुकाट झाला. डिसेंबरांत निर्यातच बंद करण्यांत आली, ती ४ मे २०२४ पर्यंत उठली नाहीं. आणि उठली तेव्हांही ४० टक्के जकात मागें उरली होती, ती पुरती जावयास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. या उपायानें मुंबई-पुण्याच्या गृहिणीचे कांहीं रुपये वांचले असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ते कोणाच्या पदरांतून आले? महागाई यानें नाहींशी झाली नाहीं. पेठेंतून उचलून ती निफाड-चांदवडच्या बांधावर नेऊन ठेवली गेली. कांद्याचा भाव पडतो तेव्हां हेंच सरकार तितक्याच तत्परतेनें धांवून येत असतें, तर आम्ही हा मजकूर लिहिलाच नसता.

१९७२ सालीं मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति स्त्रियांनीं लाटणीं व थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हां जाब कोणत्या दारीं मागावयाचा याविषयीं त्यांस संशय नव्हता. त्या काळीं धान्य, तेल, रॉकेल यांची वांटणी बऱ्याच अंशीं सरकारच्याच हातीं होती. आज कर एक खातें बसवितें, निर्यात दुसरें रोखतें, आणि चलन व व्याजाचा दर तिसऱ्याच्या हातीं असतो. लाटणें कोठें वाजवावें हेंच कळत नाहीं. नेमक्या याच अडचणीवर तोड म्हणून २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेचा कायदा सुधारण्यांत आला. त्या कायद्याप्रमाणें महागाईचें उद्दिष्ट दर पांच वर्षांनीं मध्यवर्ती सरकार बँकेच्या सल्ल्यानें ठरवितें. तें शेंकडा ४ ठरलें, व त्यापासून दोन टक्के वर किंवा दोन टक्के खालीं इतकी सूट ठेवली गेली. २०२१ सालीं तेंच आणखी पांच वर्षांसाठीं कायम झालें. व्याजाचा दर सहा सभासदांची पतधोरण समिति ठरविते. तीन सभासद बँकेचे, तीन सरकारनें नेमलेले. कोणत्या सभासदानें कोणतें मत दिलें व कां दिलें, याचें टिपण बैठकीनंतर चौदाव्या दिवशीं प्रसिद्ध करावें लागतें. येथवर कायदा उत्तम आहे. पुढें कलम ४५-झेडएन येतें. सलग तीन तिमाह्या भाववाढ सूट दिलेल्या मर्यादेबाहेर राहिली, तर बँक नापास झाली असें समजावें, आणि तिनें तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखी द्यावीं: उद्दिष्ट कां चुकलें, त्यावर उपाय काय करणार, आणि भाव मर्यादेंत केव्हां आणणार. वकिली भाषेंत बोलावयाचें तर ही प्रतिवादीची कैफियत होय. फरक एवढाच कीं, ती दाखल करावयाची मध्यवर्ती सरकारकडे. वादी जो सामान्य जन, त्याला तिची नक्कल देण्याची सोय कायद्यांत नाहीं.

हा प्रसंग लवकरच आला. २०२२ च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत नऊच्या नऊ महिने दर ६ च्या वर राहिला. एप्रिलांत तो ७.७९ पर्यंत गेला. युक्रेनवरील रशियाची चढाई २४ फेब्रुवारीस सुरू झाली, आणि तिनें सूर्यफुलाच्या तेलापासून खतापर्यंत सर्वच महाग केलें, हें खरें आहे. परंतु ६ ची मर्यादा त्यापूर्वीं जानेवारींतच ओलांडली गेली होती. फेब्रुवारीच्या बैठकींत बँकेनें पुढील वर्षाची भाववाढ शेंकडा ४.५ राहील असा अदमास केला आणि आपला व्याजदर ४ वरच ठेवला. प्रत्यक्षांत भाववाढ ६.७ झाली. दर वाढविण्यास मे उजाडला. पुढें फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ वर न्यावा लागला, आणि घरासाठीं कर्ज काढलेल्या लाखों कुटुंबांच्या हप्त्यांवर त्याचा भार पडला. म्हणजे जो मनुष्य वाण्याच्या दुकानीं एकदां मार खाऊन आला होता, त्यालाच बँकेंत दुसऱ्यांदा खावा लागला. ३ नोव्हेंबर २०२२ रोजीं याच कलमाखालीं समितीची खास बैठक भरली, अहवाल तयार झाला, सरकारकडे गेला. लोकसभेंत त्याविषयीं प्रश्न निघाला, तेव्हां अहवाल प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यांत नाहीं, असें उत्तर अर्थखात्याकडून मिळालें.

हें उत्तर अक्षरशः खरें आहे, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक बोंचतें. तरतूद नाहीं याचा अर्थ मनाई आहे असा कोणत्याही न्यायालयांत होत नाहीं. सरकारला तो अहवाल सभागृहाच्या मेजावर ठेवतां आला असता. त्याची इच्छा नव्हती. बँकेचे तेव्हांचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनीं उघड सभेंत सांगितलें होतें कीं, व्याजाचे दर आधींच चढविले असते तर महामारींतून सांवरणाऱ्या धंद्यांस जबर धक्का बसला असता. हा बचाव टाकाऊ नाहीं. किंबहुना विचार करण्याजोगा आहे. मग ज्याची कैफियत इतकी भक्कम, त्यानें ती कोर्टाच्या कपाटांत कां कोंडून ठेवावी? एक शंका मनांत येते ती बोलून दाखवितों. उद्दिष्ट कां चुकलें हें प्रामाणिकपणें लिहावयाचें म्हणजे केवळ व्याजाविषयीं लिहून भागत नाहीं. पेट्रोलवरच्या करांविषयीं, खाद्यतेलाच्या परावलंबनाविषयीं, धान्याच्या साठ्यांविषयींही लिहावें लागतें. प्रतिवादीच्या कैफियतींत दुसऱ्या प्रतिवादीचें नांव येण्याचा संभव असतो. आणि येथें तो दुसरा प्रतिवादीच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला आहे.

कोणी म्हणतील, असले कागद उघडे झाले तर बाजार बिथरेल. इंग्लंडांत भाववाढ उद्दिष्टापासून एक टक्क्याहून अधिक ढळली कीं तेथील बँकेचा गव्हर्नर अर्थमंत्र्यास उघडें पत्र लिहितो. पहिलें पत्र २००७ सालीं निघालें, २०२२ सालीं तर एकामागून एक निघालीं. लंडनचा बाजार तीं वाचून बुडाला नाहीं. आपल्याच घरचा दाखला हवा असेल तर तोही आहे. परक्या सरकारनें नेमलेल्या हिल्टन यंग कमिशननें १९२६ सालीं रुपयाचा भाव १८ पेन्स ठरवावा असें सुचविलें; सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं १६ पेन्सांचा पक्ष धरून आपली भिन्नमतपत्रिका जोडली. ती अहवालाबरोबर छापून निघाली. डॉ. आंबेडकरांनीं त्याच कमिशनपुढें दिलेली साक्षही छापली गेली. १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्सच कायम झाले व आपला पक्ष हरला, ही गोष्ट वेगळी. पण आपण कशामुळें हरलों हें मुंबईच्या कापडवाल्यापासून वऱ्हाडच्या कापूसवाल्यापर्यंत प्रत्येकास वाचून पाहतां आलें. रिझर्व्ह बँकेची कल्पना त्याच कमिशनच्या अहवालांत होती. ज्या अहवालांतून बँक जन्मास आली तो परकीय अमलांत छापील कागद म्हणून मिळावा, आणि त्या बँकेचा स्वतःच्या अपयशाचा अहवाल स्वराज्यांत गुप्त राहावा, ही गोष्ट कोणत्या स्वाभिमानी नागरिकास रुचेल?

आमची मागणी लहान आहे. कलम ४५-झेडएन यास एक पोटकलम जोडावें: असा अहवाल सरकारकडे आल्यापासून तीस दिवसांच्या आंत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढें ठेवावा, आणि त्याच दिवशीं तो बँकेनें सर्व देशी भाषांत प्रसिद्ध करावा. शिवाय ज्या करामुळें भाव चढले असें त्यांत म्हटलें असेल, त्या करासंबंधीं अर्थमंत्र्यांनीं आपलें उत्तर त्यासोबत जोडावें. यास पैसा लागत नाहीं, नवें खातें लागत नाहीं. २०२२ चा अहवाल तर आतां जुना झाला. त्यांतील एकही वाक्य बाजारांत उलथापालथ करूं शकणार नाहीं. तो प्रथम बाहेर काढावा.

शहरोशहरींच्या व्यापारी मंडळांनीं व ग्राहक पंचायतींनीं या एका बाबतींत एकमेकांविरुद्धचें भांडण बाजूस ठेवण्यासारखें आहे. गल्ल्यापलीकडचा व गल्ल्याअलीकडचा, दोघेही या दाव्यांत वादी आहेत. आपल्या भागाच्या खासदारास त्यांनीं दोघांच्या सह्यांचें एक पत्र लिहावें आणि पुढच्या अधिवेशनांत एवढाच प्रश्न विचारण्यास सांगावें, कीं नोव्हेंबर २०२२ चा तो अहवाल सरकार सभागृहापुढें केव्हां ठेवणार. उत्तर जें येईल तें आम्ही याच स्तंभांत जसेंच्या तसें छापूं.