कापणी झाल्यावर बघू

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. शहरात गुलाबी फिती लागतात, मॅरेथॉन धावल्या जातात. नेमक्या याच दिवसांत मुळशी खोऱ्यात भात पिवळं पडतं आणि विळ्यांना धार लावली जाते. ताम्हिणीकडच्या परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, मजूर मिळत नाहीत. अशा वेळी अंघोळ करताना हाताला गाठ लागलीच, तर बाई म्हणते, ‘दुखत नाही ना, मग कापणी झाल्यावर बघू.’

घोळ या ‘दुखत नाही’तच आहे. पाळीच्या आधी छाती ठणकते, त्यामागे सहसा कर्करोग नसतो. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बऱ्याचशा गाठी साध्या निघतात, हेही खरं. तरुण मुलींत बोटाखालून निसटणारी गाठ बहुतेकदा फायब्रोॲडेनोमा असते. पण साधी की वाईट, हे डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि लागल्यास सुईने काढलेला तुकडा, या तिघांनी मिळून ठरवायचं. शेजारणीने नव्हे. आणि गाठ लहान असताना कळलं, तर पुष्कळदा स्तन राखून शस्त्रक्रिया होते. ‘सगळं काढतील’ या धास्तीने घरी बसणाऱ्या बाईला हे कुणी सांगतच नाही.

मुळशीकरांना टाटा हे नाव आठवतं ते धरणामुळे, सेनापती बापटांच्या १९२१च्या सत्याग्रहामुळे. त्याच घराण्याच्या ट्रस्टने १९४१ साली परळला उभारलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी, नुसत्या हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही लपवू नये. पण तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग वाढण्याआधीच सापडत होता.

तेव्हा पौडला मॅमोग्राफीचं यंत्र कधी येणार, हा प्रश्न जरा मागे ठेवता येईल. उपकेंद्रात ठरलेला वार, एक पडदा आणि शिकवलेला बाईचाच हात हवा. लवळ्याला तर खास मुलींसाठीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या भावी डॉक्टरांनी भात खळ्यावर येईपर्यंत थांबू नये, बांधावर यावं.

गाठ सापडल्यानंतरची वाट त्याहून अवघड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतं; पण रेडिएशनसाठी आठवडेच्या आठवडे पुण्याला जायचं, तर गोठ्यातलं कोण बघणार? त्या गाडीभाड्याची आणि बुडालेल्या रोजाची सोय ग्रामपंचायतीला करता येण्यासारखी आहे. आणखी एक बारीक गोष्ट. केसपेपरवर नंबर लिहिला जातो तो बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा. रिपोर्ट आल्याचा फोन त्यालाच जातो, आणि तोही म्हणतो, कापणी होऊ दे. तो नंबर तिचा असावा. तिच्याकडे फोन नसेल, तर आशाताईचा.