टक्कल, घट आणि गुलाबी तळं

राज्याच्या बातम्यांत बुलढाण्याचं नाव साधारण तीन निमित्तांनी येतं. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटाचं भाकीत येतं, लोणारच्या पाण्याने रंग बदलला की त्याचा फोटो येतो, आणि २०२५च्या जानेवारीत आली शेगाव तालुक्यातली टकलं. एरवी तेरा तालुक्यांचा हा जिल्हा जणू सुट्टीवर असतो. याबद्दल विचारलं तर टपरीवरच्या गप्पांपासून वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत ठरलेली उत्तरं मिळतात. इथं घडतंच काय? वाचकांना असंच जगावेगळं काही आवडतं. शिवाय त्यानं जिल्ह्याचं नाव होतं, मग बिघडलं कुठं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करावी, कारण त्याची किंमत लोकांनी रोख मोजलेली आहे.

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांची डोकी खाजायला लागली. मग केस खरखरीत झाले आणि दोन-तीन दिवसांत हात फिरवला की पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागले. बाया, गडीमाणसं, शाळकरी पोरं, कुणीच सुटलं नाही. पुढे मोजदाद झाली तेव्हा १८ गावांतले २७९ जण बाधित निघाले. सुरुवातीला खापर शाम्पूवर फुटलं, मग बुरशीवर, मग पाण्यावर. पाण्याच्या नमुन्यांत क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. खारपाणपट्ट्यात ते निघाले नसते तरच नवल. तोवर ‘टक्कल व्हायरस’ असं बारसं होऊन गेलं होतं. विषाणूचा पुरावा एकाही तपासणीत नव्हता, पण मथळ्याला पुरावा लागत नाही. त्या मथळ्यामागोमाग लग्नाची बोलणी थांबल्याच्या, मुलं कॉलेजला जायला लाजू लागल्याच्या, गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकल्याच्या तक्रारी आल्या. आजार संसर्गजन्य नव्हता. संसर्ग झाला तो बातमीचा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. रक्ताचे, लघवीचे, केसांचे, धान्याचे नमुने गेले. पथकासोबत आलेले कॅमेरेही पथकासोबतच परतले.

खरी बातमी त्यानंतरची होती. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर स्वतः या गावांत आले. त्यांनी रेशनच्या गव्हाचे नमुने घेऊन तपासले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये निष्कर्ष मांडला, की या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर आहे. न धुतलेल्या गव्हात ते किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघालं. चालणारं प्रमाण १.९ मिलिग्रॅम. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही सेलेनियम वाढलेलं होतं आणि जस्त घटलेलं. त्यांच्या म्हणण्यानुसार हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. पंजाबात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या मृदाशास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक आहे. सेलेनियम शरीरात जास्त झालं की केसांबरोबर नखंही जातात. एप्रिलमध्ये याच गावांत लोकांची नखं ठिसूळ होऊन गळू लागली, तेव्हा ‘आता नवाच आजार’ म्हणून पुन्हा मथळे सजले. फेब्रुवारीची बातमी ज्यानं नीट वाचली असती, त्याला एप्रिलचं नवल वाटलं नसतं.

बावस्करांचा निष्कर्ष कुणाला पटत नसेल तर त्यानं तो आकड्यांनी खोडावा. शास्त्राचा तोच रिवाज आहे. पण त्या निष्कर्षातून उठणारे प्रश्न कुणी लावून धरले? हा गहू कोणत्या गोदामातून उतरला? त्याच खेपेची पोती आणखी कोणत्या तालुक्यांत, कोणत्या जिल्ह्यांत गेली? रेशनच्या दुकानापर्यंत येताना धान्याची अशी तपासणी कोण करतं, की कुणीच करत नाही? या प्रश्नांना फोटो नसतो, त्यामुळे पहिल्या पानावर त्यांना जागा मिळत नाही. केस बहुतेकांचे परत आले. उत्तरं मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहणारं मात्र फारसं कुणी उरलं नाही.

तेव्हा ‘नाव होतं’ हे खरं आहे. कशानं होतं, एवढंच विचारायचं.

‘वाचकांना हेच आवडतं’ हे म्हणणं तर बुलढाण्यात येऊन पोचलेल्या एका वाघानंच खोडून काढलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९मध्ये एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात शिरला, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत परत आला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल १३०० किलोमीटरच्या आसपास भरली होती. लोकांनी ती बातमी महिनोन्‌महिने वाचली: आज कुठं, उद्या कुठं, कापसाच्या शेतात दिसला की नाल्यात. भाकीत नव्हतं, चमत्कार नव्हता. एकाच गोष्टीचा रोजचा हिशेब होता आणि लोकांना तो हवा होता. एवढंच की वाघाच्या गळ्यात कॉलर होती, म्हणून पाठपुरावा आपोआप होत गेला. कालवडच्या माणसांच्या गळ्यात तसं काही बांधलेलं नव्हतं.

‘इथं घडतंच काय’ या प्रश्नाला उत्तर द्यायला साधं कॅलेंडर पुरे. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजात राज्यभरातून माणसं येतात. विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमात पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती एवढ्या लांब बसतात की वाढपी ट्रॅक्टरवर उभे असतात. होळीच्या सुमारास सैलानीच्या दर्ग्यापाशी नारळांची होळी पेटते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि पायीच परतते. खामगावची मोठी देवी तर सगळ्यांची नवरात्रं आटोपल्यावर, कोजागरीला बसते. २०२४च्या जूनमध्ये सिंदखेडराजातच लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याला काम करताना शेषशायी विष्णूचं भव्य शिल्प सापडलं. घडण्याची कमतरता नाहीच. मात्र या प्रत्येक प्रसंगाची बातमी ‘लाखो भाविकांची मांदियाळी’ या एकाच साच्यातून निघते. एवढ्या माणसांना पाणी कुठून आलं, सैलानीला आणलेल्या मनोरुग्णाला कुणी डॉक्टर भेटला का, यात्रा उठल्यावर कचरा कुणी उचलला, हे त्या साच्यात बसत नाही.

लोणारचंही तसंच. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो गेले. उन्हाळ्यानं पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, हे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा मिळाला. पुढे उलटी गोष्ट घडू लागली: पाणी चढत गेलं आणि काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिराला लागलं. गोड्या पाण्यानं त्या खाऱ्या, अल्कधर्मी तळ्याचा स्वभावच बदलू शकतो. गुलाबी रंगापेक्षा ही बातमी कितीतरी गंभीर आहे. पण हिचा रंग साधा आहे.

आता भेंडवळ. इथं दोन टोकं आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई. भोवती अठरा धान्यं. राजासाठी विड्याचं पान आणि सुपारी. रात्री तिथं कुणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले वारसदार कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहून पावसाचं, पिकांचं आणि राजाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही पद्धत सुरू केली, असं मानतात.

समर्थक म्हणतात, शेतकऱ्याला धीर येतो. धीर येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका शेतातल्या खड्ड्यावरून साऱ्या देशाचा पाऊस वाचायचा, हे ज्या जिल्ह्यात चालतं, त्याच जिल्ह्यात घाटावरचा पाऊस घाटाखाली सारखा पडत नाही. मेहकरात ओढे वाहत असताना नांदुऱ्यात दुबार पेरणीची चिंता असू शकते. ‘जुलैत साधारण, ऑगस्टमध्ये चांगला’ हे वाक्य कुठल्याही वर्षाला बसतं, म्हणूनच ते कधी चुकत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले याला विरोध करतात तो बरोबरच आहे. मात्र त्यांच्यातले काही ‘ही बातमी छापूच नका’ म्हणतात, तिथं त्यांची बाजू लंगडी पडते. पहाटे शेकडो शेतकरी जिथं जमतात ती घटना बातमीच आहे. ती दडवली तर भाकिताला आव्हान कसं द्यायचं?

छापावी, पण गेल्या वर्षीच्या भाकितासकट. एका बाजूला घटानं काय सांगितलं होतं ते, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष किती पडला ते. त्यासाठी नवं यंत्र बसवावं लागणार नाही. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापक आहेतच. आणि हे आकडे शेतकऱ्याच्या खिशाशी बांधलेले आहेत: एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, आणि नुकसानीचे पंचनामे त्या नोंदीवर चालतात. आपल्या मंडळाचा मापक कुठं बसवला आहे, तो बंद पडला तर तक्रार कुणाकडं करायची, हे सांगणारी चौकट घटाच्या फोटोशेजारी सहज मावेल. पान-सुपारी हलली की नाही यापेक्षा ती वाचणाऱ्याच्या जास्त कामी येईल.

याच जिल्ह्यातून पूर्णा नदी वाहते. तिच्यावरचा जिगाव प्रकल्प १९९०च्या दशकापासून रखडत चालला आहे. चारशे कोटींच्याही आत आखलेलं काम आता हजारो कोटींत गेलं आहे आणि बुडीत क्षेत्रातली गावं पुनर्वसनाची वाट पाहताहेत. १५ ऑगस्ट २०२५ रोजी आडोळ खुर्दच्या पुनर्वसनासाठी नदीत उतरलेला एक आंदोलक पुरात वाहून गेला. बातमी राज्यभर गेली, दोन-चार दिवस राहिली. गावठाणाचे भूखंड कुठं पाडले, मोबदल्याचे किती निवाडे बाकी आहेत, घळभरणी कधी होणार, याची माहिती भूसंपादनाच्या फायलींत आहे. माहिती अधिकाराचा एक अर्ज केला तरी ती हाती येऊ शकते, आणि दर महिन्याला केला तर दर महिन्याची बातमी होऊ शकते.