शेजारच्या बाकावरील भारत

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या शाळांतून 'विविधतेतील एकते'चा सोहळा वर्षातून एकदा तरी यथासांग पार पडतो. कुणी लुंगी नेसून 'मद्रासी' होतो, कुणी पगडी बांधून पंजाबी. पालक छायाचित्रे घेतात, पाहुणे समाधान व्यक्त करतात आणि भाड्याने आणलेले पोशाख सायंकाळी दुकानात परत जातात. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी घोषित झालेल्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी जुळविण्यात आली. त्यामुळे कोणार्कचे रथचक्रही आता पुठ्ठ्यावर अवतरू लागले आहे. ओडिशाविषयी आमच्या मुलांना कळावे, याला कोण हरकत घेईल? मात्र तिकडच्या एखाद्या शाळेत फेटा आणि लेझीम यांपलीकडे महाराष्ट्र नसेल, तर त्यात आपण स्वतःला कितपत ओळखू, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आमची तक्रार दुसरीच आहे. कोणार्कचे चक्र रंगविणाऱ्या कल्याणच्या मुलाला शेजारच्या बाकावरील सिंधी मुलाचे पणजोबा कोठून आले, हे ठाऊक नसते. फाळणीनंतर निर्वासित झालेल्या सिंध्यांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. इतिहासाच्या पुस्तकात फाळणीवर जो मजकूर येतो, त्याचे जिवंत प्रकरण रोज दोन स्थानके ओलांडून वर्गात येऊन बसते. पण त्याला कुणी काही विचारीत नाही. त्या मुलाच्या वाट्याला येते ते टोपणनाव. 'भैया', 'मद्रासी', 'घाटी' ही बिरुदे मुले कोणत्याही क्रमिक पुस्तकातून शिकत नाहीत. ती लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या सभेत कानी पडतात, आणि तेथे त्यांची शिकवणी अखंड चालू असते.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या प्रश्नावर राज्यात रण माजले आणि त्यासंबंधीचे शासननिर्णय २९ जून रोजी सरकारला रद्द करावे लागले. लहान मुलांवर भाषेचे ओझे लादण्यास झालेला विरोध आमच्या मते रास्त होता. परंतु वर्गात आधीच नांदत असलेल्या पाच-सहा भाषांचे काय करायचे, हे त्या गदारोळात ना सरकारने विचारले, ना विरोधकांनी.

येथे आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. शिक्षकी पेशात असताना एका आगरी विद्यार्थ्याच्या निबंधातील 'मना' या शब्दाभोवती आम्ही तांबड्या शाईचे वर्तुळ काढले आणि समासात 'मला' असे लिहिले. व्याकरणदृष्ट्या आमचे काही चुकले नव्हते. पण त्यानंतर त्या मुलाच्या निबंधात घर म्हणून कधी आले नाही. आले ते मार्गदर्शिकेतील निबंधांचे शुद्ध आणि निर्जीव मराठी. आज वाटते, त्याच दिवशी तो शब्द फळ्यावर घ्यावयास हवा होता. त्याच वर्गातल्या गुजराती मुलाच्या घरी 'मला' म्हणताना 'मने' म्हणत होते. खानदेशातून आलेल्या एका मुलाच्या अहिराणीत 'मना' याचा अर्थ 'माझा' असा होतो. एका शब्दावरून तीन घरांची दारे उघडली असती, आणि प्रमाण मराठीतील 'मला' हे त्यांतील चौथे घर आहे, एवढेही मुलांना उमगले असते. ज्यांच्या भातशेतांवर आणि मिठागरांवर आजच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्याच मुलाला आम्ही परके ठरविले.

ठाण्याच्या शिक्षकांना तर फार दूर जाण्याचेही कारण नाही. मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराचे मंदिर आहे, जवळच पोर्तुगीज अमदानीची आठवण सांगणारे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. टेंभी नाक्याकडे गेले की १८७९ साली बांधलेले बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर लागते. या समाजाची मायबोली मराठी. आडनावे पेणकर, अष्टमकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली. किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले गेले. त्यांच्या मलिद्यात पोहे आणि नारळ असतात, हे ऐकल्यावर डोंबिवलीतील कोणत्या मुलाला ते घर परके वाटेल? पारशांच्या अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो. तेथे मुलांना दाराबाहेरच उभे करावे आणि दार बंद का, हे सांगावे. दुसऱ्याच्या बंद दाराचा आदर करणे हाही संस्कृतीच्या अभ्यासाचा भाग आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत अवघड आहे.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. वर्गातल्या एकुलत्या एका मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलाला उभे करून 'तुमच्यात काय करतात, सांग' असे फर्मावणे म्हणजे त्याला प्रदर्शनात मांडणे होय. प्रश्न सर्वांना एकच असावा: आपल्या घरचे पहिले माणूस या गावात कोठून आले, आणि येताना बरोबर काय आणले? या प्रश्नाला गिरगावच्या चाळीतून डोंबिवलीत आलेल्या जोशी-कुलकर्ण्यांच्या मुलांनाही उत्तर शोधावे लागेल, आणि आपणही कधीकाळी बाहेरूनच आलो, हे त्यांना प्रथमच कळेल. आगरी-कोळी मुले तेवढी सांगतील की, आम्ही कोठूनच आलो नाही.

अमळनेरच्या शाळेत मास्तर असलेल्या साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा आपलेपणाने शिकाव्यात, ही त्यांची तळमळ होती. तिरुक्कुरळ मराठीत आणून त्यांनी ती आधी स्वतः आचरली. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचे नाव शाळांच्या भिंतींवर राहिले; पण शेजारच्या मुलाला 'तुझ्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?' असे विचारण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, हे आपण विसरलो.

या वर्षीच्या पोशाखांची वर्गणी गोळा करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी आठवी-नववीचा एखादा वर्ग, आगाऊ परवानगी घेऊन, टेंभी नाक्यापर्यंत पायी न्यावा. शनिवार तेवढा टाळावा. का, ते मुलांनाच शोधून काढू द्यावे.