लेकराला नावे ठेवू नका



वडीगोद्रीच्या एका माउलीने परवा आम्हाला बाजूला घेतले. म्हणाली, "पोरगं नववीला हाय. चालण्या-बोलण्यावरून वर्गातली पोरं त्याला 'बायल्या' म्हणतात. मुतारीत गाठतात, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. आता शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं. शेजारणी म्हणतात, देवऋष्याकडं न्या, नाहीतर लवकर लगीन उरका."

आमचे सांगणे असे. नुसत्या चालण्या-बोलण्यावरून कोणाचे काही ठरवू नये. पण काही मुलांचे मन मुलांकडेच ओढते, काही मुलींचे मुलींकडे. कोणाला जन्मतः लागलेले मुलगा-मुलगीपण आपले वाटत नाही. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढली. ती 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचे वागणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली ठरवले. लेकरू आजारी पडते ते रोजच्या हेटाळणीने.

आपल्याला हा विषय परका नाही. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्ञानाची लाज बाळगू नये, हा धडा मागे राहिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, तेव्हा आधार घेतला तो बाबासाहेबांनी मांडलेल्या संविधानिक नैतिकतेचाच.

मग आईबापांनी काय करावे? आधी ऐकावे. "तू कसाही असलास तरी आमचाच" एवढे एक वाक्य बोलावे. खोदून विचारू नये, त्याचे गुपित भावकीत फोडू नये. दोघांनी मिळून शाळेत जावे. मुलगा कसा आहे याची चर्चा नको. त्रास कोण देतो, कुठे देतो, एवढेच मुख्याध्यापकांना लेखी द्यावे. झोप उडाली, जेवण सुटले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर लेकराला एकटे सोडू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येते.

नावे ठेवली की काळजाला काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या बापजाद्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले होते. आज आपल्याच लेकराची शाळा टिंगलीपायी सुटू देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं.