कुलूप नव्हे, कडी

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या घरी संक्रांत येते ती माझ्या खोक्यांवर. कॉलेजात मराठी शिकवू लागल्याला वीस वर्षे झाली. तेव्हापासून, कोशात सहसा न सापडणारे घरगुती शब्द मी चिठ्ठ्यांवर टिपून ठेवीत आलो. अशी सात खोकी भरली. यंदा स्वयंपाकघरातून निर्वाणीचा खलिता आला, ‘‘या घरात एक तर ही खोकी राहतील, नाही तर फराळाचे डबे!’’

मदतीला धावला तो माझा पुतण्या. तो संगणकाच्या विद्येतला. ‘‘काका, सगळे शब्द लॅपटॉपात घालून देतो,’’ म्हणाला आणि चार दिवसांत त्याने तसा प्रोग्रॅम लिहूनही दिला.

त्या प्रोग्रॅमच्या पोटात एस्क्यूलाइट नावाचा डेटाबेस होता. हा कोण परका पाहुणा, असे आपण म्हणाल. परका कसला! आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही तो बसलेला आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली प्रथम बाहेर काढला. ते तेव्हा अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. माहिती पुरवणारा वेगळा सर्व्हर बंद पडला, की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसे. म्हणून मधला कारकूनच नको, प्रोग्रॅमने आपली वही आपणच उघडावी, अशी त्यांनी सोय केली. सारा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. मधला कारकून नाही हे सुख. पण ‘‘रांगेत उभे राहा’’ म्हणून दटावणाराही कोणी नाही, हे त्याचे दुसरे अंग. ते आम्हांला लवकरच कळावयाचे होते.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. एका संध्याकाळी ती बोलण्याच्या लहरीत होती. सुरुवात दारापासून झाली. कडी, कोयंडा, खिट्टी, अडसर इथपर्यंत मलाही ठाऊक होते. मग ती आपल्या माहेरच्या घरात शिरली. पडवी, माजघर, चूल, वैल असे करीत करीत, मी जन्मात न ऐकलेले शब्द बाहेर पडू लागले. तासाभरात साठएक झाले असतील. मी लिहीत होतो, बटण दाबीत होतो, रकाना कोरा होत होता की पुढचा शब्द विचारीत होतो. जेवणानंतर उघडून पाहतो, तो त्यातला एकही शब्द जागेवर नाही!

‘‘राहू दे रे, उद्या पुन्हा सांगेन,’’ आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो खरे, पण गाडी विसाच्या पुढे जाईना. शब्द काही बोलावून येत नाहीत.

पुतण्या आला तो चेहरा उतरवूनच. ‘‘काका, डेटाबेस लॉक झाला होता.’’

‘‘कुलूप? ते कोणी लावले?’’

‘‘मीच,’’ तो म्हणाला.

मग त्याने सांगितले ते असे. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी कामे करणारे अनेक थ्रेड, म्हणजे धागे असतात. वही एकच. ती वाचावयाला कितीही जण बसले तरी चालते; लिहिणारा मात्र एका वेळी एकच. दुधाच्या हिशेबाच्या वहीत सासू आणि सून एकदम लिहू लागल्या तर हिशेबाचे काय होईल, ते गृहिणींना सांगावयास नको. त्यासाठी हा लॉक. त्या संध्याकाळी एक धागा माझ्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे वाचून शब्द उतरवीत होता. माझे अक्षर वाचावयाला विद्यार्थ्यांना लागतो तितकाच वेळ यंत्रालाही लागला! आणि ‘सगळ्या चिठ्ठ्या तरी जातील, नाही तर एकही नाही,’ अशा व्यवस्थेने त्या धाग्याने पहिल्या चिठ्ठीला लावलेला लॉक शेवटच्या चिठ्ठीपर्यंत सोडला नाही. आईचे शब्द घेऊन आलेला दुसरा धागा दारावरून परत जात होता. त्याला थांबावयास सांगितलेलेच नव्हते. न सांगितल्यास एस्क्यूलाइट मुळीच थांबत नाही. ‘सध्या काम चालू आहे’ एवढे सांगून मोकळा होतो. तो निरोप पुतण्याच्या प्रोग्रॅमने ऐकलाच नाही, आणि रकाना मात्र पुसून टाकला.

माझ्यातला मास्तर इथे जागा झाला. म्हटले, ‘‘अरे, मग याला कुलूप म्हणू नये. कुलूप बाहेरून लावतात, चोराच्या भीतीने. ही तर न्हाणीघराची आतली कडी. आतल्याने लवकर आटपावे आणि बाहेरच्याने थोडे थांबावे.’’

‘‘काका, सगळा उपाय हाच आहे,’’ तो म्हणाला.

आता त्याने बाहेरच्याला पाच सेकंद थांबावयास सांगितले आहे. चिठ्ठी वाचण्याचे रेंगाळते काम कडीबाहेर होते. पन्नास शब्द हाती आले, की आत जाऊन ते लिहायचे आणि कडी काढायची. पण थांबूनही भागत नाही असा एक प्रसंग असतो. दोघे जण वही वाचीत बसले आहेत, दोघांनाही त्याच बैठकीत लिहावयाचे आहे, आणि ‘आधी तुम्ही उठा’ म्हणून दोघेही अडून राहिले आहेत. अशा वेळी एस्क्यूलाइट एकाला तत्काळ परत पाठवतो. त्यापेक्षा, ज्याला लिहावयाचे आहे त्याने बसतानाच तसे सांगावे, हे बरे.

२०१० साली या डेटाबेसात आणखी एक सोय आली. ती ऐकून आमच्या शेजारचे दुकानदार खूश होतील. नवी नोंद एकदम खतावणीत न करता आधी रोजकीर्दीत करायची आणि सवडीने खतावणीत उतरवायची. त्यामुळे वाचणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्याची एकमेकांना अडचण होत नाही. मात्र वाचणारा एकच पान धरून तासन्‌तास बसला, तर रोजकीर्द फुगत जाते. आणि लेखणी अजूनही एकच!

सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र सर्वांत लहान आहे. शब्द वहीत पडल्याचे उत्तर आल्याखेरीज रकाना पुसावयाचा नाही. पडला नाही, तर तांबड्या अक्षरांत तसे सांगावयाचे. पुतण्या म्हणाला, ‘‘एवढे आधी केले असते तर आजीचे शब्द गेले नसते.’’ आई त्याला रागावली नाही. तिने त्याच्या पुढ्यात चकल्यांची ताटली सरकवली.

गेलेल्या शब्दांपैकी एकतीस आजवर परत आले आहेत. ते आपल्या सवडीने येतात. चकलीच्या भाजणीबरोबर, फुलवातीबरोबर, कधी रात्री दिवा मालवल्यावर. मग आतून हाक येते, ‘‘अरे, ऊठ, लिही!’’ मी लॅपटॉप उघडतो. आई दारात उभी असते. शब्द ओठांवर धरून ती आधी विचारते, ‘‘आत कोणी नाही ना रे? कडी काढलेली आहे ना?’’

मी पाहून ‘‘हो’’ म्हणतो, आणि मगच ती सांगते.